बाहेरच्यांची साक्ष: एका गावच्या मंडळीत वडील निवडताना

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, वडिलांच्या दोन जागा रिकाम्या झाल्या. वडील म्हणजे मंडळीचा कारभार पाहायला मंडळीनेच निवडलेला माणूस. एक वडील प्रभूत निजले, दुसरे मुलाकडे पुण्याला राहायला गेले. निवडीच्या सभेला बाहेरगावचा एक माणूस बसवायचा अशी आमच्याकडची रीत आहे, आणि त्या खेपेला तो माणूस मी होतो. मी पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाही. तीस वर्षं मास्तरकी केली, तालुक्याच्या मंडळीत बारा वर्षं वडील म्हणून काम पाहिलं. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांच्या खुणाही थोड्या बदलल्या आहेत, कारण यातले सगळे हयात आहेत आणि रविवारी एकमेकांना ‘जय ख्रिस्त’ करतात.

मंडळी ३८ घरांची. प्रार्थनामंदिर मिशनच्या काळातलं, दगडी भिंतींचं. वरची कौलं गेली आणि पत्रे आले. पाळकसाहेब तीन गावांना मिळून एक, मोटरसायकलवर फिरणारे. महिन्यातले दोन रविवार ते इथे असतात. उरलेले रविवार, आजाऱ्यांच्या भेटी, मयत झालं तर माती, नवरा-बायकोचं भांडण, दानपेटीची किल्ली, सगळं वडिलांकडे. शहरातल्या मंडळीत वडील चुकीचा निघाला तर पाळक सावरून घेतो. इथे सावरायला कोणी नसतं.

नावं दोन पुढे होती. पहिलं नाव कृषी केंद्राच्या मालकांचं, वय पन्नाशीच्या आसपास. गावात त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही तेच म्हणतो. वाचन उत्तम, आवाज भरदार. त्यांनी प्रार्थना सुरू केली की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प होतात, आणि ते सोंग नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मंदिरावरचे पत्रे त्यांनीच दिले. रात्री-अपरात्री बाळंतीण अडली तर त्यांची बोलेरो यवतमाळच्या मेडिकलपर्यंत जाते आणि डिझेलचे पैसे ते मागत नाहीत. दुसरं नाव शाळेच्या ऑटोवाल्याचं. तो बोलताना अडखळतो. चारचौघांत वचन वाचायला उभा राहिला की लोक आपापल्या चपलांकडे बघतात.

सभा म्हणजे नुसता उपचार, असंच सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

पहिली सभा

रिवाजाप्रमाणे मी बायबलातलं पहिले तीमथ्य, म्हणजे प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, त्याचा तिसरा अध्याय वाचला. अध्यक्षासाठी तिथे जी यादी आहे ती आमच्याकडे प्रत्येक निवडीत वाचली जाते: अदूष्य, एका स्त्रीचा पती, नेमस्त, सभ्य, अतिथिप्रिय, शिकवण्यात निपुण, मद्यपी नसावा, मारका नसावा, भांडखोर नसावा, द्रव्यलोभी नसावा, घरची व्यवस्था नीट ठेवणारा असावा, नवशिका नसावा. पौल इथे ‘अध्यक्ष’ म्हणतो, तीताच्या पत्रात पहिल्याच अध्यायात ‘वडील’ म्हणतो आणि दोनच ओळींनी त्याच माणसाला ‘अध्यक्ष’ म्हणतो. त्यामुळे पदाच्या नावावर मी कधी वाद घालत नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च-संस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यांच्याकडे बिशप, प्रेसबिटर, डीकन. आमच्याकडे पाळक, वडील, सेवक. मोजायची काठी दोघांची एकच.

वाचन झालं आणि नेहमीचं झालं. लोकांनी दोन ठिकाणी बोट ठेवलं. एक, दारू. यवतमाळ काही शेजारच्या वर्ध्यासारखा दारूबंदीचा जिल्हा नाही, आणि याच मंडळीतला एक जुना वडील मोहफुलाच्या पायी पदावरून गेला होता. दोन, एका स्त्रीचा पती. एका म्हाताऱ्या मावशींनी विचारलं, “बायको मेल्यावर दुसरी केली असन त कसं जी?” त्यावर अर्धा तास गेला, जरी दोन्ही उमेदवारांना तो प्रश्न लागूच नव्हता. दोन्ही परीक्षांत दोघेही पास. आता हात वर करा, म्हणाले.

मी पुढचं वचन परत वाचलं. सातवं. बाहेरच्या लोकांनीही त्याच्याविषयी चांगली साक्ष दिलेली असावी. आणि विचारलं, “बाहेरच्यांची साक्ष कोणी घेतली?”

कोणी खोकलं. कोणी पंख्याकडे पाहिलं. पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या सभेत पाहू. त्या खोकल्यात जे होतं ते कळायला मला पंधरा दिवस लागले.

या यादीबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. तीत कसब म्हणावं असं एकच आहे, शिकवण्यात निपुण असणं. बाकी सगळं वागणं आहे. गळा कसा आहे, प्रार्थनेला उत्तर किती लवकर मिळतं, स्वप्नं पडतात का, बांधकामाला किती दिलं, यातलं एकही अक्षर तिथे नाही. आणि वागणं रविवारी दोन तासांत दिसत नाही. ते दिसतं बांधावर, बाजारात, मजुरी चुकवताना, म्हणजे जिथे पाहणारे बहुतेक मंडळीबाहेरचे असतात. सातवं वचन शेवटी आलं म्हणून लोक त्याला शेपूट समजतात. माझ्या मते वरच्या यादीची तपासणी ज्याच्याकडून करून घ्यायची, त्याचा पत्ता त्या वचनात आहे.

बाजारातली चहाची टपरी

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी गेलो. कोणाला चौकशीसाठी आलो असं सांगितलं नाही. भाजी घेतली, चहाच्या टपरीवर बसलो. तांड्यावरचा एक ओळखीचा कास्तकार भेटला. त्याचा मुलगा माझ्या हाताखाली शिकलेला. भाऊंचा विषय मी काढला नाही, त्यानेच काढला. “तुमच्यातले भाऊ वडील होऊन राह्यले म्हणे?”

म्हटलं, ठरलेलं नाही. माणूस कसा आहे?

“देवमाणूस हाय जी. माह्या भावाले साप चावला त रातोरात यवतमाळले नेलं.” मग बशी खाली ठेवून म्हणाला, “पन देव बी शेकडा पाचनं देते काय?”

मृगाच्या तोंडावर बियाणं आणि खत उधार, वर रोख रक्कम हवी तर तीही. दर शेकडा पाच, महिन्याचा. दहा हजार घेतले तर महिन्याला पाचशे. जूनच्या मध्यात घेतले आणि कापूस विकून जानेवारीत फेडले तर सात महिन्यांचे साडेतीन हजार. ज्याची रक्कम मोठी, त्याच्याकडून शेताचं खरेदीखत करून घेतलेलं. पैसे फिटले की परत फिरवायचं, असं तोंडी. पावती नाही. विदर्भात वाढलेल्या कोणालाही यात नवीन काही वाटणार नाही. बँकेचं पीककर्ज थकलं की दार बंद, बचत गटाचे पैसे आजारपणात गेलेले आणि आभाळ तर भरून आलेलं. पेरणी थांबत नाही.

एका माणसाच्या बोलण्यावर जायचं नाही हे मला ठाऊक होतं. वडिलावरचा आरोप दोघा-तिघा साक्षीदारांशिवाय घेऊ नये असं त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. भाऊ अजून वडील नव्हते, पण न्याय तोच. आणखी तिघांना भेटलो. दोघांनी तेच सांगितलं, आकडेही जुळले. तिसरा म्हणाला, “माह्या तोंडून नोका बोलवू,” आणि त्याने विषय बदलला. तिसरा आमच्याच मंडळीतला होता.

मग उजेड पडला. पाळकसाहेबांकडच्या नोंदवहीवरून आणि गावातल्या बोलण्यावरून अंदाज बांधला, तर मंडळीतल्या ३८ घरांपैकी निम्म्याच्या आसपास घरं भाऊंची देणेकरी होती. त्यांनीच हात वर करून मत द्यायचं होतं. भाऊंच्या समोर. येशूचा शिष्य पेत्र लिहितो की कळप पाळावा तो अनीतीच्या लाभासाठी नाही, आणि सोपवलेल्यांवर धनीपण करून नाही. आमच्याकडे ‘धनी’ हा शब्द सालगडी मालकाला म्हणतो तो. मला वाटतं पेत्राचं हे वचन वऱ्हाडात जितकं चटकन कळतं तितकं क्वचितच कुठे कळत असेल.

माझी चूक

इथे मी घाण केली. भाऊंकडे जायच्या आधी पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. सल्ल्यासाठी, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर एकट्याने जायची छाती नव्हती. त्यांनी घरी सांगितलं, घरातून ते बोरिंगवर गेलं आणि दोन दिवसांत भाऊंना खताच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून कळलं. तुझा भाऊ अपराधी असेल तर आधी तू आणि तो एकांतात बोला, हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायातलं वचन मी शब्बाथ शाळेत पोरांकडून पाठ करून घेतलं आहे.

मी दुकानात गेलो तेव्हा त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. आतल्या खोलीत कीटकनाशकाचा वास आणि युरियाच्या गोण्या. ते एवढंच म्हणाले, “मास्तर, गावाले सांगतलं, मले नाई सांगतलं.”

माफी मागितली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तीमथ्याच्या त्याच अध्यायात पुढे सेवकांचीही यादी आहे, तीत ‘दुतोंडी नसावा’ असा शब्द आहे, तो त्या दिवशी माझ्या बाजूने पडला होता, आणि पुढे जे काही मी बोललो त्याचं वजन त्याने अर्धं केलं. हे लिहिणं भाग आहे, कारण भाऊंच्या नंतरच्या रागाचा मोठा वाटा माझा आहे.

त्यांची बाजू मी तोडून टाकू शकलो नाही. बँक देत नाही. मी दिलं नाही तर फायनान्सवाले देतात आणि आठवड्याच्या हप्त्याला बाईच्या दारात बसून राहतात. मी वसुलीला कोणाच्या दारी माणूस पाठवला नाही. दोन पावसाळे कोरडे गेले तेव्हा व्याज सोडलं. माझंही घेणं बुडतं. आणि शेवटी जरा खालच्या आवाजात, “ह्यातूनच दशमांश देतो, मास्तर. पत्रे ह्यातूनच आले. तेव्हा कोणी इचारलं नाई.”

हे खरं होतं. आम्ही विचारलं नव्हतं.

मी बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढला. वाचायला त्यांनाच दिला, कारण ते चांगलं वाचतात. दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडलेली. राजाच्या करासाठी काढलेलं कर्ज. पोरं दास्यात गेलेली. आणि व्याज घेणारे कोण, तर आपलेच भाऊबंद. नहेम्या चिडतो, पण चिडण्याआधी मनाशी विचार करतो. परराष्ट्रीयांनी आपली निंदा करू नये म्हणून तरी देवाचं भय धरायला नको का, असं तो म्हणतो. म्हणजे बाहेरच्यांची साक्ष तिथेही आली. आणि दहाव्या वचनात तो स्वतःलाही सोडत नाही: मी, माझे भाऊबंद, माझी माणसंही उसनं देतो, हे आपण सोडून देऊ. तो परत करायला सांगतो त्यात ‘शंभरावा हिस्सा’ आहे. त्याचा अर्थ सहसा महिन्याला शेकडा एक असा लावतात.

एक. भाऊंनी तो आकडा दोनदा वाचला. मग म्हणाले, “नहेम्याच्या येळी युरियाची गोणी नव्हती.” आम्ही दोघेही हसलो. त्या भेटीतला तेवढाच बरा क्षण.

कायद्याचं मीच काढलं, आणि ते काढलं नसतं तर बरं होतं, कारण त्याने बोलणं लगेच कोर्टकचेरीचं झालं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कर्जापोटी करून घेतलेलं खरेदीखत आहे असं चौकशीत आढळलं तर जिल्हा निबंधक जमीन परत द्यायला लावू शकतात. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला शेकडा १२ च्या वर घेता येत नाही. म्हणजे महिन्याला एक. नहेम्या ज्या दरावर संतापला, तो आमच्या सरकारची वरची हद्द आहे. भाऊंचा दर त्याच्या पाचपट.

‘अदूष्य’ या शब्दामागचा मूळ ग्रीक शब्द ‘ज्याला धरायला जागा नाही’ अशा अर्थाचा आहे. निष्पाप असा त्याचा अर्थ नाही. तसा असता तर एकही जागा भरली नसती. पण उद्या तहसीलच्या ठिकाणी एखाद्या कास्तकाराने अर्ज टाकला आणि भाऊंचा हात धरला, तर तो मंडळीचा हात असेल.

चहा घेऊन वहिनी आल्या. दुकानाची वही त्याच लिहितात. मंडळीत त्या फारसं बोलत नाहीत. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “यायले वडील नोका करू जी. घरी आल्यावर हे घरचे नसतेत, हिशोबाचे असतेत.” भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पौल घरच्या व्यवस्थेचा निकष का घालतो यावर मी कित्येक प्रवचनं ऐकली आहेत. त्या दिवसानंतर एकही आठवत नाही.

दुसरी सभा आणि पुढे

दुसऱ्या सभेच्या आदल्या रात्री भाऊंची चिठ्ठी आली: नाव मागे घेतो. कारण लिहिलं नव्हतं आणि सभेत मीही सांगितलं नाही. कोणावर हात ठेवण्याची, म्हणजे पद देण्याची, घाई करू नको, असं पौलाने तीमथ्याला सांगितलं आहे. जागा वर्षभर रिकामी ठेवू, एवढंच म्हणालो. एक तरुण उठला, “रिकामी ठिवून काम कोण करन?” प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मतदान मात्र हात वर करून न घेता चिठ्ठ्यांनी घेतलं. ही एक गोष्ट मला नक्की बरोबर वाटते.

दुसरी जागा मिशन हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्सबाईंना मिळाली. त्यावर जो वाद झाला त्याचं वेगळं प्रकरण होईल.

ऑटोवाल्याचं काय करायचं यावर पाळकसाहेबांचं आणि माझं जमलं नाही. त्यांना त्याला वडील करायचं होतं. माणूस सोन्यासारखा, बाहेरच्यांची साक्ष अशी की तांड्यावरच्या बायका शाळेची फी त्याच्या हाती पाठवतात आणि पावती त्याच्याकडून घेतात. मी म्हटलं, वडिलाला शिकवावं लागतं आणि इथे तर दोन रविवार त्यालाच उभं राहायचं आहे. सेवकांची यादी पाहा: गंभीर, दुतोंडी नाही, मद्यासक्त नाही, पैशाच्या मागे नाही, आधी पारखलेला. शिकवण्याची अट तिथे नाही. दोन्ही याद्यांतला डोळ्यांत भरणारा फरक हाच आहे. चांगल्या माणसाला नको त्या जागी उभं करणं ही त्याचीच शिक्षा होते.

बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात पोटाचा प्रश्न आला. ग्रीकभाषी विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी तक्रार होती. प्रेषितांनी सांगितलं, ज्यांच्याविषयी चांगली साक्ष आहे अशी सात माणसं तुमच्यातून निवडा. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांना झळ लागली होती, त्यांच्या बाजूच्या माणसांच्या हाती वाटप गेलं. मी हे वाचून दाखवलं आणि ऑटोवाला सेवक झाला. दानाच्या हिशोबावर दुसरी सही त्याची. तो स्वतः भाऊंचा देणेकरी आहे. सही करताना सुरुवातीला त्याचा हात कापायचा, असं नर्सबाई सांगतात.

किंमत मोजावी लागलीच. भाऊ चार महिने मंदिरात आले नाहीत. वहिनी आणि मुलं यायची. महिन्याचं दान साडेअकरा हजारांच्या आसपास असायचं ते सात हजारांवर आलं, आणि पाळकसाहेबांच्या पेट्रोलचे पैसे दोनदा थकले. भाऊ नसलेल्या रविवारी वचन वाचणाऱ्यांचे हाल पाहवत नव्हते. दोन घरांनी मला तोंडावर सांगितलं, तुम्ही येऊन मंडळी फोडली.

इथे इथ्रोची आठवण होते. मोशेला माणसं कशी निवडावी हे सांगणारा तो सासरा मिद्यानी याजक होता, म्हणजे बाहेरचा. त्याने सांगितलेली माणसं देवाचं भय धरणारी, खरी आणि अन्यायाच्या लाभाचा तिटकारा असणारी. त्याने ‘लाभ टाळणारी’ म्हटलं नाही. तिटकारा शिकवता येतो का, मला माहीत नाही. भाऊंना पैशाचा मोह होता असंही मी म्हणणार नाही. त्यांना उपकार करायची सवय होती आणि उपकाराचा दर ठरलेला होता.

नाताळाच्या आदल्या रविवारी ते आले. मागे बसले. प्रार्थना केली नाही. जानेवारीत दोन खरेदीखतं फिरवून दिल्याचं कळलं. तिसरं ठेवलं आहे, तो व्यवहार खरा विक्रीचा होता असं ते म्हणतात आणि विकणारा म्हणतो, नव्हता. सावकारीच्या परवान्याची चौकशी करायला ते यवतमाळला जाऊन आले. नर्सबाईंनी विचारलं, वर्ष होत आलं, आता त्यांचं नाव परत घ्यायचं का? पाळकसाहेब हो म्हणतात. मी ना हो म्हटलं, ना नाही.

मे महिन्यात त्याच टपरीवर तांड्यावरचा तो कास्तकार भेटला. नांगरट झाली होती, वखरणी चालू होती. म्हणाला, “तुमच्या भाऊचं काय ठरलं?”

म्हटलं, काही नाही अजून. तुझं काय म्हणणं?

त्याने उन्हाकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं. “मिरुग येऊ द्या जी. यंदा काय भावानं देतेत ते पाहू, मंग सांगतो.”